सीपीएल हातात आलं, आता पुढे काय? दोनशे तासांच्या पायलटसाठी

माझं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, आलं तेव्हा लॉगबुकात उड्डाणाचे २०३ तास १५ मिनिटं होती. घरी पेढे वाटून झाले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मग आता कुठलं विमान चालवणार?" त्यावर मी नुसती हसले. पुढचे चौदा महिने त्या प्रश्नाला माझ्याकडे हसण्यापलीकडे उत्तर नव्हतं.

हा लेख त्या चौदा महिन्यांसाठी आहे. फ्लाइंग स्कूल कोणतं निवडावं, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर कसे काढावेत, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. लायसन्स मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं हे मात्र कोणी सांगत नाही. मी आज एटीआर या पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानाच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर आहे. वाटेत जे चुकलं तेही सांगते.

आधी कागद

कंटाळवाणं काम आहे, म्हणून सगळ्यात आधी. लॉगबुक घ्या, कॅल्क्युलेटर घ्या आणि पहिल्या पानापासून बेरजा पुन्हा करा. पीआयसी (स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून उडवलेले), ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचे), क्रॉसकंट्री, नाइट, इन्स्ट्रुमेंट, मल्टी-इंजिन असा प्रत्येक रकाना वेगळा. माझ्या वहीत एका पानाची बेरीज पुढच्या पानावर नेताना ४० मिनिटं सांडली होती. नशिबाने ती मलाच सापडली. मुलाखतीच्या टेबलावर समोरच्याला सापडली असती, तर चूक आणि लबाडी यांतला फरक समजावून सांगत बसावं लागलं असतं. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर लायसन्स घेतल्याचं प्रकरण देशभर गाजलं. उडवलेले तास फुगवून लिहिल्याच्या भानगडीही तेव्हाच बाहेर आल्या. त्यामुळे आपल्याकडे कागद संशयानेच तपासतात, आणि ते बरोबरच आहे.

ईजीसीएवरची (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवरची) माहिती आणि वहीतले आकडे जुळतात का ते बघा. २०२५ पासून लायसन्स मोबाइलवर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळायला लागलं. ते उघडतंय का, त्यावर मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग दिसतंय का, हे आजच तपासून घ्या. सीपीएलची मुदत आता १० वर्षांची आहे, पण त्यावर निश्चिंत होऊ नका. क्लास वन मेडिकल चाळिशीच्या आत दर १२ महिन्यांनी करावं लागतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगही दर वर्षी नवं करावं लागतं. लायसन्स जिवंत आणि मेडिकल संपलेलं, अशा अवस्थेत कितीतरी जणांची भरती निघून गेली आहे. जाहिरात आल्यावर तारीख मागायला गेलात की तारीख मिळते पुढच्या महिन्याची, आणि अर्जाची मुदत संपते या शुक्रवारी.

मग हिशोब, घरच्यांसमोर बसून

आपल्याकडे हे ट्रेनिंग बहुतेक जण कर्जावर करतात, नाहीतर वडिलांच्या पीएफवर. तर सरळ आकडे मांडू. ५० लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के धरा. नुसतं व्याजच महिन्याला ४१,६०० रुपयांच्या आसपास जातं. १० वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण ६६,०००. त्यात टाइप रेटिंगसाठी (एका विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणासाठी) आणखी २० लाख घेतले, तर हप्ता ९२,५००च्या घरात.

हे घाबरवायला लिहिलेलं नाही. तुम्ही किती महिने थांबू शकता, हा आकडा तुम्हाला ठाऊक हवा. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्यावर ठरणार आहे. ज्याला १८ महिने थांबता येतं आणि ज्याला सहाच महिने थांबता येतं, त्या दोघांना एकच सल्ला देणारा माणूस एक तर अननुभवी आहे, नाहीतर काहीतरी विकतोय.

बाजाराचंही थोडं. २०२३ मध्ये इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियाने ४७०. त्याच वर्षी डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिले. बातम्यांमध्ये "हजारो पायलट लागणार" असं छापून येतं ते खरं आहे. पण ती विमानं पुढची कित्येक वर्षं हप्त्याहप्त्याने येणार आहेत आणि लायसन्सवाले आजच रांगेत उभे आहेत. शिवाय टंचाई असते ती मुख्यतः कॅप्टनची, दोनशे तासांच्या माणसाची नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. अशी एखादी कंपनी बंद पडते तेव्हा तिचे टाइप रेटेड, हजारो तासांचे पायलट त्याच रांगेत तुमच्या पुढे येऊन उभे राहतात.

थांबायचं तर हात गंजू न देता

लायसन्स आल्यानंतर मी पहिले चार महिने एकदाही उडवलं नाही. पैसे वाचवत होते. पाचव्या महिन्यात क्लबच्या सेसनामध्ये बसले तेव्हा चेकलिस्ट तोंडपाठ होती, पण डाउनविंडवर (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडायच्या टप्प्यात) मी विमानाच्या मागे धावत होते. फ्लॅप उशिरा, कॉल उशिरा, आणि लँडिंग असं झालं की शेजारचा इन्स्ट्रक्टर काही बोललाच नाही. न बोलणं जास्त लागलं.

तेव्हापासून माझा नियम असा: महिन्याला निदान एक तास उडवायचं, आणि तो तास हवा खाण्यात घालवायचा नाही. सर्किट, स्टॉल, सिम्युलेटेड इंजिन फेल्युअर. मल्टी-इंजिनचा तास परवडत नाही, तेव्हा तो चेकपुरताच ठेवायचा. खर्च खूपच जड जात असेल तर जमिनीवरच्या सिम्युलेटरवर दोन-दोन तास इन्स्ट्रुमेंट स्कॅनचा सराव करा. तास मोजले जावेत म्हणून नाही, डोळ्यांची सवय टिकावी म्हणून.

बाकीचा वेळ एटीपीएलच्या (एअरलाइनचा कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या लायसन्सच्या) पेपरना द्या. एटीपीएलला १,५०० तास लागतात, ते पुढे होतीलच. पण नेव्हिगेशन आणि मेट्रॉलॉजीचा अभ्यास आत्ता, डोकं ताजं असताना होतो. नोकरी लागल्यावर पहाटे तीनच्या गाडीत बसून तो करायचा म्हणजे काय असतं ते माझ्या सहकाऱ्यांना विचारा. आणि नुसती बारावी करून फ्लाइंगला गेला असाल तर मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवीला नाव घाला. हा सल्ला आवडत नाही, मलाही आवडला नव्हता. पण पुढच्या वर्षी एखादं मेडिकल टेम्पररी अनफिट आलं, तर हातात बारावीशिवाय काहीतरी असू द्या.

वाटा

*एअरलाइन, थेट.* भारतात दोनशे तासांवर जेटच्या उजव्या सीटवर बसता येतं, हे बाहेरच्या बऱ्याच लोकांना खरं वाटत नाही. अमेरिकेत २००९च्या बफेलोजवळच्या कोलगन एअरच्या अपघातानंतर कायदा बदलला, आणि आता तिथे एअरलाइनचा को-पायलट व्हायला साधारण १,५०० तास लागतात. म्हणून तिथली मुलं दोन-दोन वर्षं इन्स्ट्रक्टर म्हणून काढतात. आखाती कंपन्यांनाही तास आणि टाइप अनुभव लागतो. थोडक्यात, दोनशे तासांना बाजार असेल तर तो इथेच आहे. परदेशात शिकून आला असाल तर आधी त्या लायसन्सचं इथल्या लायसन्समध्ये कन्व्हर्जन पूर्ण करा: डीजीसीएचे पेपर, मेडिकल, स्किल टेस्ट. "आधी नोकरी बघतो, मग कन्व्हर्ट करतो" असं म्हणणाऱ्यांची दोन वर्षं कुठे जातात ते कळतच नाही.

*छोट्या कंपन्या.* पोरं इंडिगो आणि एअर इंडियाच्या पानावर रोज जातात आणि या कंपन्या विसरतात. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्राएर उडवते. गोव्याची फ्लाय-९१ मार्च २०२४ मध्ये मोपावरून एटीआर-७२ घेऊन सुरू झाली. सिंधुदुर्ग, जळगाव अशी आपली गावं तिच्या नकाशावर आहेत. अलायन्स एअरही एटीआरवालीच. इथे जागा कमी निघतात आणि कधी निघतील ते सांगता येत नाही. पण एटीआरवर पाऊण-एक तासाची सेक्टर, दिवसात चार लँडिंग, आखूड धावपट्ट्या आणि कोकणातला पाऊस. पहिल्या वर्षात विमान हाताने उडवायला मिळतं ते असं. जेटवाले मित्र मला "पंखेवाली" म्हणतात. म्हणू देत.

*इन्स्ट्रक्टर.* असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग घेऊन फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवायचं. महाराष्ट्रात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया असे पर्याय आहेत, आणि अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाचं मोठं केंद्र उभं राहतंय. मी हीच वाट धरली. पगार बेताचा. शिकवताना उडवलेले तास पीआयसी म्हणून लिहिले जातात, ही मोठी जमेची बाजू. पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर विदर्भात सकाळी सहाला तयार होऊन विंडसॉककडे बघत चहा पीत बसायचं, ढग उचलतील म्हणून. दहा वाजता विद्यार्थी जांभया देत हॉस्टेलवर परत जातात. पावसाळ्याचे ते महिने पकडूनच वर्षाचा अंदाज बांधा, नाहीतर जानेवारीचा आकडा बाराने गुणून फसाल.

शिकवण्याने मला काय दिलं ते सांगते. माझा एक विद्यार्थी फ्लेअर नेहमी उंच करायचा. जमीन अजून दहा फूट खाली, आणि याने नाक उचललेलं. तीन दिवस मी "थांब, थांब" म्हणत होते. चौथ्या दिवशी लक्षात आलं की तो धावपट्टी बघतच नाहीये, नोजच्या पुढचा तुकडा बघतोय. त्याला म्हटलं, धावपट्टीच्या टोकाला नजर ठेव. पुढचं लँडिंग गुळगुळीत. आणि मग मला आठवलं की मीसुद्धा डोळे जवळच ठेवते. दुसऱ्याची चूक अर्ध्या सेकंदात ओळखायची आणि शांत आवाजात सांगायची, ही सवय दोन माणसांच्या कॉकपिटमध्ये रोज लागते. मात्र एक भ्रम नको: एअरलाइनच्या रांगेत इन्स्ट्रक्टरसाठी वेगळी खिडकी नसते. तुम्ही रांगेत चांगल्या अवस्थेत उभे असता, एवढंच.

*चार्टर.* नॉन-शेड्यूल्ड (ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय उडणारे) ऑपरेटर, किंग एअरसारखी छोटी टर्बोप्रॉप, एअर ॲम्ब्युलन्स. इथे जाहिरात क्वचित येते, ओळखीवर काम चालतं. हँगरमध्ये जाऊन, डिस्पॅचरशी बोलून, दर दोन महिन्यांनी नम्रपणे पुन्हा विचारून मिळतं. काम अंगावर पडतं: सामान लोड करणं, फ्लाइट प्लॅन, इंधनाचं बिल, कधी कधी प्रवाशांचा चहासुद्धा. शिकायला भरपूर. पण ड्युटीचे तास आणि विश्रांती नियमाप्रमाणे देतात का, विमानाची देखभाल कोण करतं, हे आत शिरण्याआधी तिथे काम केलेल्या दोघा-तिघांना एकेकटं गाठून विचारा. उत्तर द्यायला माणूस घुटमळला तर समजून जा.

टाइप रेटिंग: आधी की नंतर?

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून इथे थांबू.

टाइप रेटिंग म्हणजे एका विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण: ए-३२०, ७३७ किंवा एटीआर. आधी काही आठवडे जमिनीवरचा अभ्यास, मग फुल फ्लाइट सिम्युलेटरमध्ये चार-चार तासांची सत्रं. तीसुद्धा रात्री दोन ते सहा अशा वेळेला, कारण सिम्युलेटर चोवीस तास चालू असतं आणि नवख्याला उरलेली वेळ मिळते. गुरुग्राम आणि हैदराबादला अशी केंद्रं आहेत. खर्च विमानावर आणि केंद्रावर अवलंबून, पण पंधरा-वीस लाख धरूनच चाला.

लोकांचा हिशोब असा: जाहिरातीत "टाइप रेटेड" मागतात, म्हणून आधी रेटिंग विकत घ्यायचं, मग अर्ज. ऐकायला बरोबर वाटतं. अडचण अशी की रेटिंग दुधासारखं आहे, ठेवलं की नासतं. सिम्युलेटर सोडून सहा-आठ महिने झाले की कंपनी पुन्हा चेक मागते, म्हणजे पुन्हा सिम्युलेटरचे पैसे. आणि विमानाची निवड तुमची, भरती मात्र कंपनीची. माझ्या बॅचच्या एकाने ७३७ केलं. पुढचं वर्षभर जाहिराती येत राहिल्या त्या ए-३२०च्या. आज तो ए-३२०वरच आहे, दुसरं रेटिंग करून, दुसऱ्या कर्जावर.

म्हणून माझं मत: नॉन-टाइप रेटेड भरतीत आधी निवड होऊ द्या. अशा भरतीत निवड झाल्यावर कंपनी सांगेल त्या केंद्रात रेटिंग होतं. पैसे बहुधा तुम्हालाच भरावे लागतात, पण सीटचा शब्द आधी मिळालेला असतो. तो शब्दही लेखी आहे का, अटी काय, कोर्स संपल्यानंतर किती दिवसांत रुजू करून घेणार, हे वाचा. विमानांची डिलिव्हरी लांबली की निवडलेलेसुद्धा महिनोन्महिने बसून राहतात.

स्वतःच्या हिमतीवर आधी रेटिंग करणं एकाच परिस्थितीत पटतं. त्या टाइपची भरती प्रत्यक्ष चालू आहे, तुमच्या ओळखीचे त्याच महिन्यात रुजू होताहेत, आणि पैसे गेले तरी घर हलणार नाही. तिन्ही गोष्टी हव्यात. दोन असतील तर थांबा.

आणि "रेटिंगसोबत नोकरीची हमी" देणाऱ्या एजंटकडून उलट्या पावली परत या. मी आलेच नव्हते. एका कन्सल्टंटने परदेशातल्या लाइन ट्रेनिंगचं पॅकेज दाखवलं: पैसे भरा, प्रवासी विमानात उजवीकडे बसा, ५०० तास घ्या. टोकन म्हणून दिलेले सत्तर हजार आजपर्यंत परत आलेले नाहीत. कंपन्यांची भरती त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर निघते. मधल्या माणसाकडे विकायला जागा नसते.

निवड

टप्पे बहुतेक ठिकाणी तेच: लेखी तांत्रिक परीक्षा, कॉम्प्युटरवरची अ‍ॅप्टिट्यूड चाचणी, सिम चेक (सिम्युलेटरमधली चाचणी), मुलाखत. क्रम बदलतो.

तांत्रिक प्रश्न साधेच असतात, पण उथळ वाचन तिथे उघडं पडतं. मला विचारलं होतं: ओल्या धावपट्टीवर टायर पाण्यावर कधी तरंगायला लागतो? सूत्र सगळ्यांना येतं, टायरच्या दाबाच्या वर्गमुळाला नऊने गुणायचं. दाब १०० पीएसआय असेल तर ९० नॉट्स. पुढचा प्रश्न होता, "मग आता दाब कमी असलेला टायर घेऊन जुलैत मुंबईत उतरताय, काय बदललं?" सूत्र पाठ करून गेलेले तिथे अडकतात. दाब कमी म्हणजे टायर कमी वेगालाही तरंगतो, म्हणजे उतरल्यानंतर जास्त वेळ तुमचे ब्रेक नावालाच.

सिम चेकमध्ये तुम्ही ए-३२० शिकून आला आहात अशी कोणाची अपेक्षा नसते. बघतात ते एवढंच की चूक झाली तर ती दिसते का, आणि दुसऱ्यांदा सांगावी लागते का. सेसनातून आलेल्यांची नेहमीची अडचण म्हणजे हात फार चालतात. जेट सरळ उडतानाही नाक थोडं वर ठेवून उडतं. पिच आणि पॉवरचे दोन-तीन आकडे आधी विचारून घ्या, ते लावा आणि विमानाला जरा वेळ द्या.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: कॅप्टन चुकतोय, तुम्ही काय कराल? यासाठी विमान अपघातांचे दोन चौकशी अहवाल वाचा, मंगळूर २०१० आणि कोझिकोड २०२०. दोन्ही ठिकाणी टेबलटॉप (उंच पठारावरची, टोकाला उतार असलेली) धावपट्टी, दोन्ही ठिकाणी विमान धावपट्टीवर उशिरा टेकलं, आणि दोन्ही ठिकाणी को-पायलटने गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जा) म्हटलं होतं. तरीही दोन्ही विमानं धावपट्टीच्या टोकापलीकडे गेली. "मी नम्रपणे लक्षात आणून देईन" या उत्तराने तिथे काय झालं ते वाचल्यावर तुमचं उत्तर आपोआप बदलेल. मुलींना अजूनही "लग्नाचं काय?" विचारतात. मलाही एका ठिकाणी विचारलं. "रोस्टर बघून ठरवू" म्हटलं, पुढे गेले.

सही करण्याआधी

ऑफर लेटर आलं की डोळ्यांत पाणी येतं आणि माणूस शेवटचं पान उघडून सही करतो. आधी बाँडची रक्कम आणि वर्षं बघा, प्रशिक्षणाच्या काळात स्टायपेंड आहे का ते बघा, बेस कुठला ते बघा. नोकरी सोडताना को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हा डीजीसीएचा नियम आहे. बाँड त्याच्यावेगळा.

रुजू झाल्यावर लाइन ट्रेनिंग: ट्रेनर कॅप्टन डावीकडे, सुरुवातीला मागे जंपसीटवर सेफ्टी पायलट. प्रत्येक सेक्टरनंतर शेरे. रिलीज होईपर्यंत, म्हणजे ट्रेनरशिवाय उडायला मोकळं होईपर्यंत, काही आठवडे जातात. वर्षाला १,००० तासांची कायद्याची मर्यादा आहे, प्रत्यक्षात सातशे-आठशे होतात. म्हणजे दोन वर्षांच्या आत १,५०० तास गाठता येतात, आणि थांबण्याच्या काळात काढून ठेवलेले एटीपीएलचे पेपर तेव्हा कामाला येतात.

लॉगबुक नवीन घेतलंत तरी जुनं जपून ठेवा. माझ्या जुन्या वहीत ती ४० मिनिटांची खाडाखोड अजून आहे, शेजारी सीएफआयची (मुख्य इन्स्ट्रक्टरची) सही आणि तारीख.